भंगारातला रम्बा

वास्कोहून निघालेली गोवा एक्स्प्रेस मडगाव, बेळगाव, मिरज, पुणे अशी येते आणि दौंडमार्गे मनमाडच्या लाइनीला लागते. या वाटेवर एकीकडे मडगाव आहे, जिथे १९२८ साली ख्रिस पेरी जन्मले. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही हाताळणाऱ्या या माणसानं कोकणी गाण्याला जॅझ बँडची साथ दिली. दुसरीकडे, दौंडच्या पुढे अहिल्यानगर ओलांडलं की पुणतांबा लागतं. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांचा जन्म तिथला, १९१८ सालचा. मुंबईच्या सिनेमात रम्बा आणि स्विंगचे ठेके बिनधास्त आणणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या फळीत येतं. जुन्या लॅटिन सोल, फंक आणि जॅझच्या तबकड्या जमवायची हौस ज्या दौंडकराला लागली आहे, त्यानं न्यूयॉर्कचा नकाशा उघडण्याआधी हा लोहमार्ग एकदा नीट पाहावा.

हौशी माणूस बहुधा उलटं करतो. फानिया रेकॉर्ड्सचं नाव त्याच्या कानावर येतं. जॉनी पाचेको आणि जेरी मासुच्ची यांनी १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेली ही कंपनी. मग रे बारेटोची ‘ॲसिड’ किंवा ज्यो बटानची ‘रायट’ या १९६८च्या तबकड्यांची मूळ प्रत शोधायला तो निघतो आणि किंमत बघून पहिल्याच महिन्यात गार पडतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे न ऐकता, न तपासता, झिजलेली प्रत सोन्याच्या भावानं परदेशातून मागवतो. खरं तर ज्या ताल-सुरांसाठी त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, ते ताल आपल्याकडच्या तबकड्यांवर पाऊणशे वर्षांपासून वाजत आले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच अजूनही जुन्या बाजारात ‘कुठलीही उचला’ छापाच्या ढिगात पडून असतात. कान तयार व्हायचा तो त्या ढिगावर. फानिया पळून जात नाही.

‘अलबेला’चंच घ्या. १९५१चा हा सिनेमा भगवानदादांनी काढला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केलं. संगीत सी. रामचंद्रांचं. पडद्यावर एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचा लॅटिन पेहराव केलेला जो वाद्यवृंद दिसतो, तो बनावट नाही; तो चिक चॉकलेट यांचा खराखुरा बँड आहे. चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांतले नामवंत ट्रम्पेटवादक. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या संगीताच्या जोडणीत त्यांचा मोठा हात होता. बाँगो, काँगा, माराकास ही लॅटिन तालवाद्यं मुंबईच्या स्टुडिओत रुजवण्याचं श्रेय कावस लॉर्ड यांना दिलं जातं. त्यांचे चिरंजीव केरसी आणि बुजी यांनी तो वारसा पुढे नेला. गिरणी कामगाराचा नट झालेला एक मराठी माणूस, एक पुणतांब्याचा संगीतकार, एक गोव्याचा ट्रम्पेटवाला आणि एक पारशी तालवादक, एवढी मंडळी जमल्यावर मुंबईतच हवाना उभं राहणार, त्यात नवल ते काय!

इथं संग्राहकानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. १९५१ साली सिनेमाची गाणी ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्यांवर येत, एका बाजूला एक गाणं, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं. म्हणजे ‘अलबेला’ची मूळ आवृत्ती ही सात इंचांची (ईपी) किंवा बारा इंचांची (एलपी) प्लॅस्टिकची तबकडी असूच शकत नाही. ‘ओरिजिनल फर्स्ट प्रेस एलपी’ म्हणून कुणी ती चढ्या भावानं विकत असेल तर हसून पुढे जावं. एलपी वाईट असते असं नाही. ऐकायला तीच सोयीची. फक्त भाव एलपीचा द्यावा, इतिहासाचा नव्हे.

कान तयार करायचा म्हणजे काय करायचं? लॅटिन संगीताचा कणा असतो क्लावे. दोन मात्रागटांत पाच ठोके, एका गटात तीन, दुसऱ्यात दोन, आणि हे चक्र गाणं संपेपर्यंत मोडत नाही. बाकीची वाद्यं त्याच्याभोवती फिरतात. काँगाचा भरीव आवाज, टिंबाल्सची कडकडती थाप, गुइरोचं खरखरणं आणि पियानोचा तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा. चौफुल्याच्या कला केंद्रांवर ढोलकी ऐकत वाढलेल्या दौंड तालुक्यातल्या माणसाला समेवर न येता समेला चकवणारा ठेका नवा नाही, त्यामुळे इथला श्रोता हे लवकर पकडतो. साठच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या पोर्टोरिकन तरुणांनी हा कणा तसाच ठेवून त्यावर कृष्णवर्णीय अमेरिकेचं सोल आणि टाळ्यांचा गजर चढवला; बूगालू आणि लॅटिन सोल ते हेच. ज्यो क्यूबाचं ‘बँग बँग’ १९६६चं, पीट रॉड्रिगेझचं ‘आय लाइक इट लाइक दॅट’ १९६७चं. ही दोन नीट ऐकावीत, मग त्याच आठवड्यात ‘तीसरी मंझिल’ ऐकावी. तीही १९६६चीच.

‘तीसरी मंझिल’चे संगीतकार राहुल देव बर्मन हे या सगळ्या शोधातलं मोठं जंक्शन. त्यांच्या ताफ्यात तालाची बाजू मारुतीराव कीर सांभाळत, ड्रमवर फ्रँको वाझ, छोट्या-मोठ्या तालवाद्यांवर होमी मुल्लन, आणि रेसो-रेसो नावाचं घासून वाजवायचं ब्राझिली वाद्य ज्यांच्या हातात शोभलं ते अमृतराव काटकर. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत मागे जी लयदार खरखर चालू असते, ती काटकरांच्या हातची. एकदा ती ओळखू आली की मग त्या काळची कुठलीही रेकॉर्ड लावल्यावर कान आधी तिकडेच जातो. ‘द ट्रेन’, ‘हरे रामा हरे कृष्णा’, ‘जवानी दीवानी’, ‘शालीमार’ यांच्या एलपी आणि ईपी घेताना प्रसिद्ध गाण्यापेक्षा पार्श्वसंगीताचा किंवा नुसत्या वाद्यांचा तुकडा कुठल्या आवृत्तीत आहे ते पाहावं. परदेशी संग्राहक त्यासाठीच पैसे मोजतात. बर्मन यांनी पुढे होजे फ्लोरेस या लॅटिन संगीतकाराबरोबर ‘पँटेरा’ नावाचा इंग्रजी अल्बमही केला, १९८७ साली, अमेरिकेत. तो फारसा चालला नाही आणि म्हणूनच आता सहजी मिळत नाही.

भाव कसा चढतो याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. कल्याणजी-आनंदजींच्या ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) या सिनेमांतल्या चालींचे तुकडे ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटानं २००५ साली आपल्या एका गाण्यात वापरले, त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, आणि मुंबईच्या फंकची चर्चा लॉस एंजलिसपर्यंत गेली. २००७ साली मॅडलिब या अमेरिकी हिपहॉप संगीतकारानं हिंदी सिनेसंगीताच्या तुकड्यांवर अख्खा अल्बम बांधला. त्याच्याही आधी, १९९६ साली, ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या एका संकलनात आनंद शंकर यांच्या १९७५च्या एचएमव्ही तबकडीतल्या रचना आल्या आणि लंडनच्या नाचघरांत त्या गाजल्या. चरणजित सिंग यांची १९८२ साली ध्वनिमुद्रित झालेली, रागांना डिस्कोचा ठेका देणारी तबकडी तेव्हा कुणी विचारली नव्हती. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि मूळ प्रतीला सोन्याचं मोल आलं. यातून शिकायचं ते एवढंच की लोक ज्यांना बाजूला सारतात, त्या नुसत्या वाद्यसंगीताच्या तबकड्या हातच्या सोडू नयेत. पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स, इलेक्ट्रिक गिटारवाले व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांच्या सिनेगीतांच्या धुनांमध्ये चा-चा-चा आणि बोसानोव्हाचे ठेके बेमालूम बसलेले सापडतात, आणि गायक नसल्यानं विक्रेता त्यांना भावही कमी लावतो.

गोव्याची बाजू मात्र स्वतंत्र कपाट मागते. ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना कॉर्देरो यांच्या एचएमव्हीच्या छोट्या तबकड्या म्हणजे कोकणीत गायलेलं अस्सल जॅझ-लॅटिन मिश्रण. चर्चगेटच्या हॉटेलांत रात्री बँड वाजवायचा आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जायचं, अशी ही पिढी. दोघांच्या आयुष्याच्या धाग्यावर बेतलेला ‘नाचोंया कुंपासार’ हा बार्द्रॉय बार्रेतो यांचा चित्रपट २०१४ साली आला आणि या गाण्यांना नवे श्रोते मिळाले. त्यामुळे आता म्हापसा-मडगावात या ईपी पूर्वीसारख्या पडेल भावानं मिळतील अशी आशा धरू नये. ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन, पॅम क्रेन यांचा आवाज, आल्फ्रेड रोझ यांची गाणी, ही पुढची नावं. शुद्ध जॅझकडे वळणाऱ्यानं टेडी वेदरफर्ड हे नावही टिपून ठेवावं. हा अमेरिकी पियानोवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात गाजला, युद्धकाळात कलकत्त्यात त्यानं कोलंबियासाठी तबकड्या केल्या आणि १९४५ साली तिथेच पटकीनं वारला. एखाद्या जुन्या पेटीत त्याची ७८ची तबकडी निघाली तर ती उचलताना हात थरथरला तरी चालेल, निसटू देऊ नये. लाखेची तबकडी जमिनीवर पडली की तिचे तुकडेच गोळा करावे लागतात.

आता शोध कुठं घ्यायचा. पुण्यात कुंभारवेशीजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दौंडहून सकाळच्या लोकलनं निघालं की ऊन चढायच्या आत पोचता येतं. मुंबईत चोरबाजारची मटन स्ट्रीट आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब मात्र नव्या पिढीनं नव्या-जुन्या तबकड्यांसाठीच काढलेलं आहे. तिथं साफसूफ केलेला माल, तपासून, ठरल्या भावात मिळतो. घासाघीस करण्यातली मजा मिळत नाही, पण फसगतही होत नाही. आणि दौंड स्वतः? हे जुनं रेल्वेगाव आहे. जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) काळापासून रेल्वेच्या नोकरीनं अँग्लो-इंडियन, गोवेकर, पारशी, तमिळ अशी नाना तऱ्हेची कुटुंबं इथल्या वसाहतीत राहून गेली. अशा घरांतून रेडिओग्राम निघतात, आणि रेडिओग्रामच्या खालच्या कप्प्यातून सांता क्लॉजच्या गाण्यांखाली दडपलेला, लॅटिन बँडवाला एखादा एडमंडो रॉस. निवृत्तीनंतर घर आवरताना हा माल भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. म्हणून भंगारवाल्याशी, रद्दीवाल्याशी आणि जुनं फर्निचर घेणाऱ्याशी ओळख ठेवावी. ‘काळ्या तबकड्या आल्या की आधी फोन करा’ एवढं सांगून ठेवलं आणि एक-दोनदा नको असलेला मालही पूर्ण गठ्ठ्यानं उचलला, की तिसऱ्यांदा फोन येतो.

तबकडी हातात आल्यावर घाई करू नये. आधी कव्हरवरचं नाव आणि आतल्या तबकडीवरचं नाव जुळतं का ते पाहावं. जुन्या बाजारात ‘सांताना’च्या कव्हरात आरतीसंग्रह निघणं रोजचं आहे. मग तबकडी तळव्यांच्या कडेनं धरायची, बोटं खाचांना लागू द्यायची नाहीत, आणि उन्हात तिरपी करून डोळ्यांच्या रेषेत आणायची. चांगल्या तबकडीवर प्रकाशाची एकच स्वच्छ पट्टी फिरते. पट्टी भुरकट, राखी दिसली तर जड सुईनं खाचा खाऊन टाकल्या आहेत. अशी तबकडी कितीही धुतली तरी फुसफुसतच राहते. दिसणाऱ्या रेघेवरून नखाचा पाठचा भाग अलगद न्यावा. नख अडलं नाही तर ती कागदाच्या कव्हराची रेघ, बहुधा ऐकू येत नाही. नख अडलं तर दर फेरीला ‘टक्‌’. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक चंदेरी ओरखडे असतात, तबकडी लावताना खिळा चाचपडल्याच्या खुणा. जितके जास्त तितकी ती तबकडी जास्त वाजलेली. भोक मोठं कापलेलं दिसलं तर ती ज्यूकबॉक्समधून आलेली असण्याची शक्यता मोठी. तिला मधे बसवायची चकती लागेल आणि तिनं किती हॉटेलांत किती हजार चहा ऐकले असतील याचा अंदाज आपण करायचा. शेवटी तबकडी सपाट धरून कडेनं बघावी. हलकी लाट चालते, बशी चालत नाही.

परदेशी विक्रेत्यांची प्रतवारी वेगळीच भाषा बोलते. ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘व्हेरी गुड प्लस’, ‘व्हेरी गुड’, मग ‘गुड’. या यादीत ‘गुड’ म्हणजे बरीच खराब, फक्त वाजते एवढंच. ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली उतरायचं ते दुर्मीळ मालासाठीच. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर आधी विकल्या गेलेल्या प्रतींचे कमीत कमी, मधले आणि जास्तीत जास्त भाव दिसतात. विक्रेता सांगतो तो भाव नव्हे, विकला गेला तो भाव पाहावा. त्यावर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशेब मांडावा, नाहीतर तबकडीपेक्षा पावती जड होते. आणि फक्त ऐकायचंच असेल तर मूळ प्रतीचा हट्ट कशाला? फानियाचा साठा २०१८ साली कॉन्कॉर्ड या कंपनीकडे गेल्यापासून तिथल्या जुन्या तबकड्या नव्यानं, चांगल्या दर्जाच्या निघत आहेत.

मूळ प्रतच हवी असेल तर कव्हर नव्हे, शेवटच्या खाचेनंतरचा गुळगुळीत पट्टा वाचायला शिकावं. तिथं कोरलेला किंवा ठोकलेला क्रमांक असतो. ब्लू नोटच्या तबकडीत ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असं दिसलं तर ध्वनिमुद्रणाचा बादशहा रूडी व्हॅन गेल्डर यांनी ती साचा-तबकडी स्वतः कापलेली. लेबलवर ‘लिबर्टी’चं नाव आलं की ती प्रत कंपनी विकली गेल्यानंतरची, म्हणजे १९६६ किंवा पुढची. जॅझ पियानोवादक होरेस सिल्व्हरची ‘साँग फॉर माय फादर’ (१९६५) इथं मुद्दाम सुचवावीशी वाटते. त्याचे वडील केप व्हर्दे बेटांचे, पोर्तुगीज अमलातले. गोव्याच्या संगीताशी ओळख असलेल्याला त्या ठेक्यात काहीतरी आपलं सापडतं.

भारतीय तबकड्यांची तारीख ठरवायला याहून सोपी युक्ती आहे, आणि ती पोस्टखात्यानं दिली आहे. कव्हरच्या तळाशी ग्रामोफोन कंपनीचा किंवा छापखान्याचा पत्ता असतो. त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर ते कव्हर १५ ऑगस्ट १९७२ नंतर छापलेलं, कारण पिन कोडच त्या दिवशी सुरू झाला. आरपीजी उद्योगसमूहाचं बोधचिन्ह असेल तर १९८५ नंतरचं. सारेगामा असं नाव असेल तर २००० नंतरचं. म्हणजे ‘तीसरी मंझिल’च्या कव्हरवर पिन कोड दिसला की ते कव्हर १९६६चं नाही, विक्रेता काहीही सांगो. ‘ईसीएलपी’ ही एचएमव्हीची आणि ‘एमओसीई’ ही ओडियनची अक्षरमालिकाही ओळखीची करून घ्यावी. एकच अल्बम वेगवेगळ्या लेबलांवर पुन्हा पुन्हा निघत असे. सिनेमाच्या सालाविषयी किंवा वादकांच्या नावांविषयी शंका आली तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. सिनेमाच्या गाण्यांच्या जुन्या पुस्तिका तिथं जपलेल्या आहेत. तबकड्यांच्या अभ्यासकांची संघटनाही मुंबईत आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. १९९० साली मायकल किनियर आणि डॉ. सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे जुने अंक म्हणजे लेबल, क्रमांक आणि कलाकार यांची खाणच.

यंत्राविषयी थोडं खडसावून सांगायला हवं. दिसायला गोंडस, सूटकेसमध्ये मावणारे स्वस्त प्लेअर सुईचा पाच-पाच ग्रॅम भार तबकडीवर टाकतात. नीट जमवलेल्या यंत्रात तो दीड ते दोन ग्रॅम असतो. दुर्मीळ तबकडी आणायची आणि तिच्यावर नांगर चालवायचा, याला अर्थ नाही. जुना एचएमव्ही ‘फिएस्टा’ किंवा ‘कॅलिप्सो’ घरात असेल तर तो शोभेला आणि फुकटात मिळालेल्या तबकड्यांना ठेवावा (आपल्या प्लेअरना अशी लॅटिन-कॅरिबियन नावं देणाऱ्या कंपनीला काळाची चाहूल होती, एवढं मात्र खरं). ७८च्या तबकडीची खाच रुंद, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची सुई साधारण पाऊण ते एक मिलची. एलपीची सुई ७८वर चालवली तर ती खाचेच्या तळाशी खडखडत राहते, आणि ७८ची सुई एलपीवर ठेवणं म्हणजे खूनच. शिवाय पुतण्यानं अमेरिकेहून टर्नटेबल आणलं असेल तर प्लगला लावण्याआधी मागची पट्टी वाचावी. तिथली वीज ११० ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. नुसता ट्रान्सफॉर्मर जोडून व्होल्ट उतरतील, पण जुन्या एसी मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ची तबकडी २८च्याही खाली फिरेल आणि किशोरकुमारांच्या आवाजात लॉर्ना गायला लागतील. डीसी मोटर असेल तर ही भानगड नाही.

धुलाईला साधा नियम आहे. प्लॅस्टिकच्या तबकडीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापडानं खाचांच्या दिशेनं पुसणं, मग पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं. दौंडचं बोअरचं पाणी मुळीच नको, क्षाराचा पांढरा थर खाचेत बसतो. लाखेच्या ७८ला अल्कोहोल दाखवूसुद्धा नये, लाख त्यात विरघळते. तिला पाण्यानं ओलसर केलेलं कापड आणि लगेच कोरडं कापड, बस्स. लेबल भिजू द्यायचं नाही.

ठेवायची जागा हा दौंडमध्ये धुलाईपेक्षा मोठा प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, पत्र्याच्या खोलीत आणि माळ्यावर त्याहून वर. प्लॅस्टिकची तबकडी साठ-सत्तर अंशांना मऊ पडते आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं व्हायला अर्धी दुपार पुरते. जुन्या बाजारातून परतताना रसवंतीवर थांबायचं असेल तर पिशवी बरोबर घ्यावी. तबकड्या उभ्या, सरळ, पुस्तकांसारख्या ठेवाव्यात. एकावर एक आडव्या रचल्या की तळच्या वाकतात आणि ७८ तडकतात. शंभर एलपी कव्हरांसह वीस-पंचवीस किलोच्या घरात जातात, तेव्हा फळी सागाची नसली तरी जाड असावी आणि भिंतीतल्या खुंट्यांवर विसंबू नये. पावसाळ्यात बुरशी कव्हरावर आधी येते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, आतली जुनी मळकी कागदी पाकिटं बदलावीत, पण मूळ छापील पाकीट असेल तर ते फेकू नये, कव्हरामागे ठेवून द्यावं. त्याची वेगळी किंमत आहे.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून घालावी. लेबल, क्रमांक, पट्ट्यावर कोरलेली अक्षरं, कुठून आणि कितीला घेतली, प्रत कशी आहे, वादकांची नावं कळली असतील तर ती. तबकड्या संगणकावर उतरवून ठेवणंही शहाणपणाचं, स्वतःपुरतं. सार्वजनिक ठिकाणी टाकायचं तर आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो आणि गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, हे तपासून. ज्या घरातून पेटी मिळाली त्या घरातल्या आजी-आजोबांना त्यातली चार गाणी पेन ड्राइव्हवर घालून द्यावीत. बहुतेक वेळा त्यांना आठवत असतं की तबकडी कुठल्या दुकानातून, कुठल्या लग्नासाठी किंवा रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कुठल्या नाचासाठी आणली होती. ते वहीत त्या क्रमांकासमोर लिहून ठेवावं आणि बिनधास्त विचारावं की शेजारच्या क्वार्टरमधल्यांकडेही अशी पेटी होती का.